तुंगार्लीच्या तारमावशी

तारमावशींच्या घरात तासातून दोनदा भांडी वाजत नसत.

मी त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. पडवीत ट्रंक ठेवली, मोरीवर गेलो, बादलीत तांब्या बुडवला, तोच आतून चुटकी ऐकू आली. डोकावून बघितलं तर मावशी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेल्या. कानांवर दोन काळ्या वाट्या, डोक्यावरून त्यांना जोडणारी पट्टी, पट्टीखाली दाबलेला पदर. एक हात वर करून त्या मला थांब म्हणत होत्या. मी भरलेला तांब्या धरून उभा राहिलो. पाण्याचा थेंब पडलेला चालेल की नाही ते कळेना, म्हणून तांब्या पोटाशी धरला आणि सदरा भिजवून घेतला.

थोड्या वेळानं त्यांनी वाट्या काढल्या. "हं, धू आता पाय. सगळे गप्प होते ना, म्हणून थांबवलं."

"सगळे कोण?"

"जहाजं," मावशी म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.

लोणावळ्याला समुद्र नाही. तुंगार्लीच्या ज्या चढावर मावशींचं दोन खोल्यांचं घर होतं तिथून तळं दिसायचं, झाडांतून एखाद्या बंगल्याचं छप्पर दिसायचं, आणि खाली गाडी घाटाकडे निघाली की तिची शिट्टी ऐकू यायची. जहाज मी चित्रातसुद्धा नीट बघितलेलं नव्हतं. मी टाकवे बुद्रुकचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शाळा लोणावळ्याला झाली होती, संध्याकाळी तिथल्याच एका बंगल्यात मुलांची शिकवणी मिळाली होती, त्यामुळे पुण्याचं कॉलेज सुरू झालं तरी मी लोणावळ्यातच राहिलो आणि रोज गाडीनं जाऊ-येऊ लागलो. मावशींची पुढची खोली मला आमच्या शाळेतल्या गुरुजींनी मिळवून दिली. ते एवढंच म्हणाले होते, "बाई जरा वेगळ्या आहेत. पण तुला अभ्यासाला शांतता मिळेल." शांतता मिळेल हे त्यांनी किती खरं सांगितलं होतं, ते त्यांना स्वतःला तरी कळलं होतं का, कोण जाणे.

मावशींचं चरित्र मला सांगता येणार नाही. माहेर वाईकडचं, एवढं बोलण्यातून समजलं. मूलबाळ नव्हतं. का नव्हतं, होऊन गेलं की झालंच नाही, हे मी विचारलं नाही. त्यांचे यजमान रेल्वेत तारमास्तर होते आणि सारी नोकरी त्यांनी घाटाच्या आजूबाजूच्या लहान लहान स्टेशनांवर काढली. तारेची खोली आणि बिऱ्हाड यांच्यामध्ये एकच भिंत. मावशी लग्न होऊन आल्या त्याची गोष्ट त्या फार रंगवून सांगायच्या.

"मला वाटलं, भिंतीत पाल आहे. एकसारखं कट्ट कट्ट, कट्ट कट्ट. मी बापडी प्रत्येक वेळी 'कृष्ण कृष्ण' म्हणायची. स्वयंपाक करताना कृष्ण कृष्ण, केर काढताना कृष्ण कृष्ण. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, अगं, एवढा जप कसला लावलायस? मी म्हटलं, पाल थांबेल तेव्हा मी थांबेन. तर हे इतके हसले, की पलीकडून कुणी तरी हाक मारत होतं ते ऐकायचं राहिलं, आणि वरून मेमो आला."

मग ती पाल काय बोलते ते तारमास्तरांनी त्यांना शिकवलं. त्या आडरानात दुसरा उद्योग काय होता? आधी अक्षरांचे खटके, मग ती अक्षरं लिहायची कशी ते. इंग्रजी अक्षरं मावशींना सगळी येत, तीही फक्त मोठी. भाषा मात्र येत नव्हती. म्हणजे भिंतीपलीकडून काय गेलं ते अक्षर न अक्षर त्यांना लिहून दाखवता यायचं, आणि त्यातलं काही कळायचं नाही.

पेन्शन झाल्यावर मास्तरांनी मुंबईच्या एका दोस्ताच्या मदतीनं बिनतारी आवाज ऐकायची पेटी तयार केली. आत मिणमिणणारे काचेचे दोन दिवे, तांब्याच्या तारेची वेटोळी, फिरवायची एक काळी चकती. घराच्या आढ्यापासून मागच्या जांभळीपर्यंत एक लांब उघडी तार बांधली. लोक तेव्हा गाणी ऐकायला सेट घेत. मास्तरांनी गाणी एकदाच ऐकली आणि चकती फिरवत फिरवत जहाजांपाशी येऊन थांबले. जहाजं तारेच्याच भाषेत बोलत होती, फक्त इथं खटक्यांच्या जागी आखूड आणि लांब शिट्ट्या होत्या. दोन वर्षं नवरा-बायको एक-एक वाटी कानाला लावून ऐकत बसले. मग मास्तर गेले. मावशी दोन्ही वाट्या स्वतः लावू लागल्या. त्यांना त्या 'कुंडलं' म्हणत. "कुंडलं घालते जरा," असं म्हणून त्या टेबलाशी बसल्या, की पुढं तासभर त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

भांडी न वाजवण्याचं कारण मला हळूहळू समजलं. समुद्रावरच्या बिनतारी यंत्रांचा एक रिवाज आहे. दर अर्ध्या तासानं तीन मिनिटं सगळी जहाजं आणि सगळी बंदरं बोलणं थांबवतात आणि नुसती ऐकतात. कुणी संकटात असेल आणि त्याचा आवाज क्षीण असेल, तर तो इतरांच्या गलबल्यात बुडू नये म्हणून. मावशी याला 'मौन' म्हणायच्या. मास्तरांचं रेल्वेचं घड्याळ टेबलावर असे. मौनाची वेळ झाली की चूल फुंकणं बंद, जातं बंद, माझं पान उलटणं बंद.

मी एकदा भीत भीत म्हणालो, "मावशी, आपण गप्प बसलो काय आणि बोललो काय, त्यांना थोडंच ऐकू जाणार आहे?"

"नाही जाणार."

"मग?"

"अरे, सगळा समुद्र कुणासाठी तरी गप्प बसलाय आणि मी इथं खोबरं किसत बसू? बरं दिसतं का ते?"

मीही गप्प बसायला शिकलो. कॉलेजात कधी वर्गाच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मौनाची वेळ झालेली दिसली, तर मी लिहिता लिहिता उगाच थांबत असे.

ऐकलेलं मावशी पाटीवर लिहीत आणि संध्याकाळी मी आलो की पाटी पुढं करीत. मी वाचून अर्थ सांगायचा, मग त्या पाटी पुसायच्या. बहुतेक वेळा काही विशेष नसे. उद्या दुपारी बंदरात येतो. गोडं पाणी लागेल. बटाटे संपलेत. एकाच्या खलाशाला गोवर आला होता. मावशींना या बातम्यांचं अतोनात अप्रूप. "बघ, त्यांचेही बटाटे संपतात," असं त्या कितीतरी वेळ स्वतःशीच म्हणत बसल्या होत्या.

पाटीवर तीन अक्षरं नेहमी असत, आणि त्यांचा शब्द कुठल्याच कोशात सापडेना. क्यू, आर, यू. जवळपास प्रत्येक जहाज मुंबईला हे विचारायचं आणि मुंबईही बहुधा हीच तीन अक्षरं परत पाठवायची. शेवटी आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रोफेसरांकडच्या एका लहानशा पुस्तकात मला त्याचा अर्थ मिळाला. ती खुणेची भाषा होती. जहाज विचारतं, माझ्यासाठी काही आहे का? आणि बंदर त्याच अक्षरांनी सांगतं, तुझ्यासाठी काही नाही.

मी धावत येऊन मावशींना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या खूश होतील. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"इतकी वर्षं ते हेच विचारत होते?"

"हो."

"आणि मुंबई रोज नाही म्हणते?"

"रोज असं नाही. कधी कधी तार असते ना."

"मी ऐकते ना रोज. नाहीच म्हणते मेली," मावशी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी आणखी काही ऐकलं नाही.

मावशींचं खरं ऐकणं मात्र शब्दांचं नव्हतंच. ते हातांचं होतं. तारेच्या कामात जो तो आपापल्या पद्धतीनं बोटं चालवतो. एखाद्याची चाल ठाय, एखादा अडखळत जाणारा, एखादा शेवटचं अक्षर गिळणारा. जुने तारमास्तर पलीकडे कोण बसलंय ते पहिल्या चार खटक्यांत ओळखत, आणि त्याला 'हात' म्हणत. 'हा शेलारवाडीचा हात', 'हा नवीन हात.' मावशींना समुद्रावरचे वीस-पंचवीस हात ओळखू येत. त्यांना त्यांनी नावं ठेवली होती. एक 'मामा' होता, जड हाताचा, सावकाश, सुपारी कातरत बोलल्यासारखा. एक 'घाईची सून'. एक 'कीर्तनकार', कारण त्याचं संपता संपत नसे. ही माणसं कुठल्या देशाची, कुठल्या रंगाची, याचा मावशींनी कधी विचार केला असेल असं वाटत नाही.

आणि एक 'धाकटा' होता.

धाकटा त्यांनी पहिल्या दिवसापासून ऐकलेला. मास्तर गेले त्याच वर्षी तो समुद्रावर आला. इतका अडखळायचा, की मुंबईनं त्याला तीन-तीनदा पुन्हा सांग म्हणावं. घाबरला की लांब शिट्टी आणखी लांबवायचा. "पहिली पोळी लाटणाऱ्या मुलीसारखं चाललेलं त्याचं," मावशी सांगायच्या. "मला तर वाटायचं, मुंबईला जाऊन तिथल्या तारवाल्याला सांगावं, अरे, जरा हळू घे, नवीन आहे ते पोर." वर्ष-दोन वर्षांत त्याचा हात बसला. पण बोलणं पूर्ण झाल्यावर अगदी शेवटी दोन बारीक टिपके टाकायची सवय त्याला लागली, ती राहिली. दारातून निघताना उंबऱ्यावर बोटं वाजवून जावं तसे ते दोन टिपके. त्याचं जहाज दीड-दोन महिन्यांनी मुंबईला यायचं. तो ऐकू आला की त्या दिवशी मावशी शिरा करायच्या.

"आज काय विशेष?" मी विचारायचो.

"धाकटा आलाय."

मी एकदा थट्टेनं म्हणालो, "मावशी, तो एखादा तांबड्या केसांचा साहेब असेल. शिरा कशाशी खातात ते त्याला ठाऊक नसेल."

"नसेना का. तू खा," मावशी म्हणाल्या. "टाकवेकर, तुझ्या आईला तू पुण्यात काय शिकतोस ते कळतं का? तरी तुझ्यासाठी तांदूळ पाठवतेच ना?"

तांदूळ माझे वडील घेऊन यायचे. एकदा ते आले तेव्हा मावशी ऐकत होत्या. आबा उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायला संकोचत. पण त्या दिवशी मावशींनी त्यांना बोलावलं, सतरंजीवर बसवलं, आणि कुंडलांची एक वाटी काढून हातात दिली. आबांनी पागोटं मागं सारून ती कानाला लावली. बराच वेळ हलले नाहीत.

"टिटवी वरडती जनू," आबा म्हणाले.

"टिटवी नव्हे, आबा. माणूस आहे. मुंबईच्या पलीकडे समुद्रात जहाजावर बसलाय."

"ह्यात मानूस हाय व्हय?" आबांनी वाटी काढून आत बघितलं, पुन्हा लावली. "मंग त्येला इचारा की बाई, तिकडं ढग कितपत हाईत. आमच्या रोपांना बरं पडंल."

"आपलं त्याला ऐकू जात नाही."

"आजाबात न्हाई?"

"नाही."

आबांनी वाटी परत दिली. "मंग असलं येका अंगाचं बोलनं काय कामाचं, बाई?"

"तुम्ही देवाशी बोलता, तेव्हा दुसऱ्या अंगानं काय ऐकू येतं?"

"तितं निदान अर्धा नारळ तरी माघारी मिळतो," आबा म्हणाले. मावशी इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मी त्यांना तसं हसताना त्यानंतर बघितलं नाही. जाताना आबा मला पायऱ्यांपाशी म्हणाले, "बाईंचं कोनी न्हाई का रं?" मी नाही म्हणालो. तेव्हापासून तांदळाची पिशवी थोडी मोठी येऊ लागली.

मग लढाई सुरू झाली.

पहिले काही दिवस आमच्यापुरती ती फक्त वर्तमानपत्रात होती. एकदा पोलीस येऊन सेटचा परवाना बघून गेला. त्यानं विचारलं, "बाई, कुणाशी बोलता यावर?" मावशी म्हणाल्या, "कुणाशी बोलता आलं असतं तर मी खोली भाड्यानं दिली असती का?" तो बिचारा चहा पिऊन गेला.

पण थोड्याच दिवसांत पाटी कोरी राहू लागली. मुंबईचा आवाज येत होता, अगदी खणखणीत. मुंबई रोज ठरल्या वेळी बोलायची, लांबलचक आकडे सांगायची. पण तिला ओ देणारं कुणी नव्हतं. मामा नाही, घाईची सून नाही, कीर्तनकार नाही. धाकट्याची यायची वेळ झाली आणि टळून गेली.

मावशींनी यातून एकच अर्थ काढला, आणि तारेच्या माणसांत आयुष्य घालवलेली बाई दुसरा अर्थ काढूही शकली नसती. जवळचं ऐकू येतं, लांबचं येत नाही, म्हणजे सेट अशक्त झालाय.

"हे म्हणायचे, लाईन गप्प झाली की पलीकडच्या माणसाला दोष देऊ नये. आधी खांबाखांबानं चालत जावं. तार कुठं तरी तुटलेली असते."

त्या खांबाखांबानं चालू लागल्या. आधी सेटच्या अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेला तांब्याचा पत्रा उकरून घासला आणि पुन्हा पुरला. त्यावर रोज कळशीभर पाणी ओतू लागल्या. मग जांभळीवरची गाठ बघायची झाली. चांगुणा म्हणून एक ठाकरीण वरच्या वाडीतून त्यांच्याकडे जळण आणायची. तिच्या नवऱ्याला मावशींनी झाडावर चढवलं. चांगुणा खाली उभी राहून म्हणाली, "मावशे, तुजी जहाजं काय झाडावर बसल्यात? पडला तर मलाच रडावं लागंल." तो पडला नाही, गाठही शाबूत निघाली. मग पेटीतला दिवा बदलायचा ठरला. मी पुण्यात दुकानं पालथी घातली. लढाईमुळे तो मिळेना. मिळाला तेव्हा मावशींनी तो पदरात गुंडाळून घरभर नेला, पेटीत बसवला आणि कुंडलं घातली.

मुंबई आणखी मोठ्यानं ऐकू आली. बाकी काही नाही.

"माझे कानच गेले असतील," त्या म्हणाल्या. त्यांना असं हरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. जेवण कमी झालं. पुढच्या खोलीत मी वाचत असलो की आतून मला फक्त चकती फिरवल्याचा आवाज येई, आणि विजेची गाडी घाटात असली तर त्या कुंडलांतून बाहेरपर्यंत ऐकू येणारी तडतड, कढईत मोहरी टाकावी तशी. तेवढंच.

मी आमच्या प्रोफेसरांना विचारलं. ते फळा पुसत होते. मी काय विचारतोय ते त्यांना आधी समजलं नाही, कारण मी सगळं आडवळणानं विचारत होतो. मग ते म्हणाले, "अरे, सेटला काय झालंय? जहाजांना बोलायची बंदी आहे. बोललं की शत्रूला जागा कळते. ती ऐकतात सगळी, पण तोंड उघडत नाहीत. आता जहाज बोलेल ते बुडायची वेळ आली तरच."

परतीच्या गाडीत मी मळवली येईपर्यंत वाक्यं जुळवत होतो. सेट चांगला आहे एवढंच सांगावं, की पुढचंही? घरी आलो तर मावशी विळीवर पडवळ चिरत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सगळंच सांगितलं, मला अर्धं सांगता येत नाही.

"म्हणजे दिवा चांगला होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पहिला पण?"

"हो."

"उगाच तुला पुण्यात हिंडवलं," त्या म्हणाल्या आणि थोडं हसल्या. "आणि कान माझे ठीक आहेत." त्यांनी दोन-चार फोडी केल्या. मग विळी आडवी केली. "म्हणजे आता धाकटा ऐकू आला, तर…"

भाजी त्या दिवशी चिरलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडलं घातली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पेटीवर फडकं टाकलं. आठवडाभर घरात भांडी वाटेल तेव्हा वाजली आणि मला त्याचाच त्रास होऊ लागला. मग एका संध्याकाळी शिकवणीहून आलो तर मावशी पुन्हा टेबलाशी होत्या, घड्याळ समोर ठेवून.

मी न राहवून विचारलं, "ऐकू येऊ नये असं वाटतं, मग ऐकता कशाला, मावशी?"

त्यांनी एक वाटी कानामागं सारली.

"माझ्या हातून काही व्हायचं नाही, ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यानं कधी हाक मारली आणि ती एकाही ओळखीच्या कानावर पडली नाही, असं नको व्हायला. मुंबई काय, लिहून घेईल. ती कुणाचंही लिहून घेते."

तेव्हापासून त्यांचं ऐकणं उलटं झालं. पूर्वी पाटी भरली की चेहरा फुलायचा. आता कोरी पाटी त्या भिंतीला टेकवून ठेवत आणि उठताना तिला नमस्कार करत. चांगुणाला सगळं सांगून झालं होतं. ती मोळी टाकता टाकता विचारायची, "मावशे, आज बी न्हाई ना कोनी?"

"नाही गं."

"बरं झालं. च्या टाक मंग."

एकदाच वेगळं घडलं. पहाट संपत आली होती, मी गाडीसाठी निघण्याच्या तयारीत भाकरी बांधत होतो. मावशींचा हात वर गेला. मला वाटलं मौन आहे, पण घड्याळ तसं म्हणत नव्हतं. त्या लिहू लागल्या. एकच अक्षर चारदा, पुन्हा तेच चारदा, हल्ला झाल्याची खूण. मग जहाजाची अक्षरं, मग आकडे. खडू मोडला, तुकड्यानं लिहीत राहिल्या. मग थांबल्या. मी जवळ गेलो तर त्यांनी एक वाटी काढून माझ्या हातात दिली. कानाला लावली, तर मुंबई कुणाला तरी हाक मारत होती, तेवढं आता मलाही ओळखता येत होतं. पुन्हा पुन्हा तीच हाक. तिला ओ आली नाही.

"हा तो नव्हे," मावशी म्हणाल्या. "देवा. हा तो नव्हे."

मी सुटकेचा श्वास सोडला असेन. मग बघितलं तर त्या पाटीकडे बघत होत्या.

"मामा होता," त्या म्हणाल्या. "घाई घाईनं बोलत होता. मामा कधी घाई करत नाही." आणि मग अगदी हळू, मला सांगावं की नाही अशा आवाजात म्हणाल्या, "मी आधी काय म्हणाले, ऐकलंस ना तू? हा तो नव्हे, म्हणाले. त्यालाही कुणी असेल की रे घरी."

गाडी चुकवून मी तिथंच बसून राहिलो. त्यांनी ती पाटी त्या दिवशी पुसली नाही. दुसऱ्या दिवशी तळ्यावर नेऊन धुतली.

नंतर माझी शेवटची परीक्षा झाली आणि पुण्यात एका कचेरीत मला जागा मिळाली. खोली सोडायची होती. ट्रंक न्यायला मी दुपारचा आलो. मावशी ऐकत बसल्या होत्या. मला दारात बघून त्यांनी मान हलवली आणि बस म्हणून खूण केली. मी ट्रंकेवर बसलो. चांगुणा पडवीत पाय पसरून चहा पीत होती.

"चाललास जनू," ती म्हणाली. "मंग मावशीला इंग्रजी कोन वाचून दावनार?"

"आता वाचायला काही नसतं," मी म्हणालो.

"नसू दे. ती बसंल. म्या हाय हितं." आणि मग म्हणाली, "येवढं कान लावून न्हाई ऐकायचं म्हंजी लय अवघड काम, बाबा. आपल्याला न्हाई जमायचं."

मावशींनी कुंडलं काढली. मला दह्याचा थेंब हातावर दिला, परीक्षेला देत तसा. मी वाकून नमस्कार केला. काय बोलावं ते मी गाडीत ठरवून आलो होतो. खुशाली कळवत जा, असं काहीसं. पण तेच म्हणता येईना.

"येत जाईन, मावशी."

"ये. पण आधी पाय धू म्हणजे झालं. दारात घुटमळत जाऊ नकोस."

चढ उतरून मी रस्त्याला लागलो आणि खांदा बदलायला ट्रंक खाली ठेवली. वर बघितलं. जांभळीपासून आढ्यापर्यंतच्या तारेवर वेड्या राघूंचा थवा येऊन बसला होता. हिरवे, बारीक, एका ओळीत, आणि तार त्यांच्या भारानं मधोमध वाकली होती. घरातून मावशी बाहेर आल्या. त्यांच्या हातात लांब बांबू होता. पदर खोचून, टाचा उंचावून, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत पाखरं उडवत गेल्या. तार मोकळी झाल्यावर हलत राहिली. ती स्थिर होईपर्यंत त्या खाली उभ्या होत्या. मग बांबू भिंतीला लावला, घाईनं आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.